प्रकाशाला औषध बनविणारे नील्स फिन्सेन

चेहऱ्यावरील सुरकुत्या, तपकिरी डाग आणि त्वचेचा निस्तेजपणा कमी करण्यासाठी शस्त्रक्रियेऐवजी प्रकाशाचा वापर करणारे उपचार आता भारतातील लहान शहरांतही उपलब्ध झाले आहेत. लेसर, तीव्र स्पंदित प्रकाश, लाल किंवा निळा प्रकाश देणारे एलईडी दिवे अशी त्यांची अनेक रूपे आहेत. या उपचारांची जाहिरात बहुधा तारुण्याच्या नावाने केली जाते. मात्र विशिष्ट किरण निवडून, ते एकवटून चेहऱ्याच्या त्वचेवर सोडण्याची पद्धत प्रथम रूढ झाली ती तारुण्यासाठी नव्हे, तर क्षयरोगाने विद्रूप झालेल्या चेहऱ्यांसाठी. ही पद्धत शोधणारे डॅनिश वैद्य नील्स रायबर्ग फिन्सेन यांना १९०३ साली वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक देण्यात आले. त्यानंतर एका वर्षाच्या आत, वयाच्या अवघ्या ४३व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

बेटावरील बालपण

फिन्सेन यांचा जन्म १५ डिसेंबर १८६० रोजी फॅरो बेटांवरील टोर्सहाव्हन या गावी झाला. उत्तर अटलांटिक महासागरातील ही बेटे डेन्मार्कच्या अधिपत्याखाली होती. त्यांचे वडील तेथील प्रशासनाचे प्रमुख होते. वडिलांचे घराणे मूळचे आइसलंडचे, तर आई डेन्मार्कची. नील्स चार वर्षांचे असताना आईचे निधन झाले. पुढे वडिलांनी तिच्याच नात्यातील स्त्रीशी विवाह केला.

फॅरो बेटांवर धुके आणि पाऊस नित्याचा असतो. हिवाळ्यात दिवस अवघा पाच तासांच्या आसपास असतो. सूर्यदर्शन हीच जिथे अपूर्वाई, अशा ठिकाणी वाढलेल्या या मुलाने पुढे आपले आयुष्य प्रकाशाच्या अभ्यासाला वाहिले.

शालेय जीवनात मात्र त्यांची चमक दिसली नाही. डेन्मार्कमधील हेरलुफ्सहोल्म येथील निवासी शाळेत त्यांना पाठविण्यात आले. हा मुलगा स्वभावाने चांगला असला तरी बुद्धी आणि उत्साह या दोन्ही बाबतींत कमी पडतो, असे तेथील मुख्याध्यापकांचे मत झाले. अखेर १८७६ साली त्यांना आइसलंडची राजधानी रेकयाविक येथील शाळेत घालण्यात आले. तेथील अंतिम परीक्षेतही पंधरा विद्यार्थ्यांत त्यांचा क्रमांक अकरावा होता. १८८२ साली ते वैद्यकीय शिक्षणासाठी कोपनहेगनला आले. त्याच वर्षी जर्मनीत रॉबर्ट कॉख यांनी क्षयरोगाच्या जंतूचा शोध जाहीर केला होता. या जंतूशी आपला पुढे संबंध येणार आहे, याची या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याला कल्पना असणे शक्य नव्हते.

उत्तरेकडे खिडकी असलेली खोली

विद्यार्थीदशेतच फिन्सेन यांच्या प्रकृतीने साथ सोडण्यास सुरुवात केली. थकवा सतत जाणवे, अंगात रक्त कमी होते. त्यांच्या राहत्या खोलीची खिडकी उत्तरेला असल्याने तेथे ऊन येत नसे. आपल्या अशक्तपणाला सूर्यप्रकाशाचा अभाव कारणीभूत असावा, अशी शंका त्यांना येऊ लागली आणि ते शक्य तेवढा वेळ उन्हात घालवू लागले. याच काळात समोरच्या छपरावर ऊन खात पडलेल्या एका मांजराकडे त्यांचे लक्ष गेले. सावली सरकत जवळ आली की मांजर उठे आणि पुन्हा उन्हात जाऊन बसे. हे दृश्य अगदी साधे असले तरी सूर्यप्रकाशाचा शरीरावर नेमका कोणता परिणाम होतो, हा प्रश्न त्यांच्या मनात कायमचा रुजला.

त्यांच्या आजाराचे कारण वेगळेच होते, हे पुढे स्पष्ट झाले. यकृत, हृदय आणि प्लीहा यांची आवरणे हळूहळू जाड होत जाणारा हा विकार होता. त्यामुळे पोटात पाणी साठे आणि ते वारंवार काढावे लागे. या दुखण्यावर प्रकाशाचा काहीही उपयोग नव्हता. तथापि स्वतःच्या आजाराविषयीच्या चुकीच्या अनुमानातूनच त्यांना संशोधनाची योग्य दिशा सापडली.

१८९० साली वैद्यकीय पदवी मिळाल्यावर त्यांनी विद्यापीठाच्या शरीररचनाशास्त्र विभागात विच्छेदनाचे काम स्वीकारले. १८९२ साली इंगेबोर्ग बाल्सलेव्ह यांच्याशी त्यांचा विवाह झाला. पुढच्याच वर्षी, प्रकृती ढासळत असताना आणि संसाराची जबाबदारी अंगावर असताना, त्यांनी विद्यापीठातील नोकरी सोडली व पूर्ण वेळ प्रकाशाच्या अभ्यासाला दिला.

स्वतःच्या हातावर प्रयोग

सूर्यप्रकाशाने त्वचा भाजते ती उष्णतेमुळे, असा सर्वसामान्य समज त्या काळी होता. स्वीडनमधील संशोधक एरिक विडमार्क यांनी १८८९ साली हा दाह अतिनील किरणांमुळे होत असल्याचे दाखविले होते. फिन्सेन यांनी याची प्रचीती स्वतःच्या अंगावर घेतली. त्यांनी आपल्या हातावर काळ्या शाईचा पट्टा ओढला आणि तो हात सुमारे तीन तास कडक उन्हात धरला. शाई पुसल्यावर तिच्याखालची त्वचा गोरीच राहिली होती. आजूबाजूची त्वचा मात्र काही वेळाने लाल झाली आणि नंतर काळवंडली. मग त्यांनी तोच हात शाई न लावता पुन्हा उन्हात धरला. या वेळी आधी झाकलेला गोरा पट्टा लाल झाला, तर काळवंडलेली त्वचा बरीचशी बचावली. त्वचेतील रंगद्रव्य हे शरीराने किरणांविरुद्ध उभारलेले संरक्षण आहे, हा निष्कर्ष त्यांनी यातून काढला.

याचा उपयोग त्यांनी प्रथम देवीच्या रोगासाठी करून पाहिला. देवीच्या फोडांत पू होऊन चेहऱ्यावर कायमचे व्रण राहत. निळे, जांभळे आणि अतिनील किरण अडविले तर हा दाह कमी होईल, असे त्यांचे मत होते. त्यासाठी रुग्णांना लाल पडदे किंवा लाल काचा लावलेल्या खोलीत ठेवावे, असे त्यांनी १८९३ साली सुचविले. नॉर्वेतील बर्गेन येथील वैद्यांनी ही पद्धत वापरून अनुकूल निष्कर्ष कळविले आणि फिन्सेन यांचे नाव युरोपात पोहोचले. मात्र नंतरच्या काळातील काटेकोर तपासणीत लाल खोलीचा हा दावा टिकला नाही. देवीचे निर्मूलन झाले ते लसीकरणाने.

लाल खोलीत किरण दूर ठेवण्याचा प्रयत्न होता. फिन्सेन यांचा पुढचा विचार याच्या नेमका उलट होता. जे किरण निरोगी त्वचेला भाजू शकतात, ते रोगट त्वचेतील जंतूंना मारण्यासाठी का वापरू नयेत, असा प्रश्न त्यांनी उपस्थित केला. प्रकाशाने जंतू मरतात, हे इंग्लंडमधील डाउन्स आणि ब्लंट या दोन संशोधकांनी १८७७ सालीच दाखवून दिले होते.

लांडग्याच्या नावाचा रोग

ल्युपस व्हल्गारिस हा त्वचेचा क्षयरोग आहे. ल्युपस या लॅटिन शब्दाचा अर्थ लांडगा. नाक, गाल, ओठ आणि कान यांचे लचके तोडल्याप्रमाणे हा रोग चेहरा खात जातो, म्हणून हे नाव पडले. उत्तर युरोपात त्या काळी तो मोठ्या प्रमाणावर आढळे. रोगट भाग खरवडणे, डागणे किंवा दाहक रसायनांनी जाळणे हेच उपाय उपलब्ध होते. त्यांनी रोग अनेकदा परत येई आणि व्रण मात्र कायम राहत. या रोगाने मृत्यू क्वचितच ओढवे. परंतु रुग्णाचे काम सुटे, विवाह होत नसे आणि चेहरा झाकून घरात बसण्याची वेळ येई.

नोव्हेंबर १८९५ मध्ये फिन्सेन यांच्याकडे असाच एक रुग्ण आला. तो कोपनहेगनच्या वीजकेंद्रात अभियंता होता आणि आठ वर्षे या रोगाने पीडित होता. अनेक शस्त्रक्रिया होऊनही त्याला गुण आला नव्हता. डेन्मार्कच्या हिवाळ्यात सूर्यप्रकाशाचा भरवसा नसल्याने फिन्सेन यांनी कार्बनच्या दोन कांड्यांमध्ये विजेची ठिणगी पेटती ठेवणारा आर्क दिवा वापरण्याचे ठरविले. वीजकेंद्रातच हा उपचार सुरू झाला. दररोज सुमारे दोन तास प्रखर प्रकाश रुग्णाच्या चेहऱ्यावर एकवटला जाई. काही महिन्यांत व्रण भरून आले. एखाद्या सोहळ्याविना, एका कारखान्यात, एका माणसाचा चेहरा त्याला परत मिळाला होता.

दिव्याची रचना

१८९६ साली कोपनहेगनमध्ये फिन्सेन यांच्या नावाने वैद्यकीय प्रकाश संस्था स्थापन झाली. उद्योजक हागेमान आणि योर्गेनसेन यांनी तिला आर्थिक पाठबळ दिले. सुरुवातीला शहरातील सार्वजनिक रुग्णालयाच्या आवारात रुग्णांना उघड्यावर निजवून भिंगांनी सूर्यप्रकाश एकवटला जाई. ही भिंगे पोकळ असत आणि त्यांत निळे द्रावण भरलेले असे. या द्रावणातून निळे व जांभळे किरण पार होत, पण भाजणारी उष्णता अडविली जाई. पुढे विजेच्या दिव्यांनी सूर्याची जागा घेतली.

फिन्सेन यांच्या दिव्यात पन्नास ते ऐंशी अँपिअर एवढा प्रवाह वापरला जाई. मधोमध टांगलेल्या दिव्यापासून दुर्बिणीसारख्या चार नळ्या निघत. त्यांत क्वार्ट्झची भिंगे बसविलेली असत आणि प्रकाश पाण्याच्या थरातून गाळून घेतला जाई. प्रत्येक नळीखाली एक रुग्ण आणि त्याच्याजवळ एक परिचारिका असे.

या परिचारिकेच्या हातातील छोटे उपकरण दिव्याइतकेच महत्त्वाचे होते. रक्तातील लाल द्रव्य निळे आणि जांभळे किरण शोषून घेते, त्यामुळे हे किरण त्वचेत खोलवर जात नाहीत, हे फिन्सेन यांनी ओळखले होते. कानाच्या पाळीमागे छायाचित्रणाचा कागद ठेवून केलेल्या प्रयोगात त्यांना असे आढळले, की पाळी दोन काचांमध्ये दाबून त्यातील रक्त बाजूला सारले तर किरण पलीकडे पोहोचतात. त्यानुसार आतून थंड पाणी वाहणारी क्वार्ट्झची चकती रुग्णाच्या त्वचेवर दाबून धरली जाई. चकतीमुळे रक्त बाजूला जाई आणि त्वचा थंडही राही. एका वेळी जेमतेम नाण्याएवढ्या भागावर सुमारे तासभर उपचार होत. संपूर्ण चेहरा बरा होण्यास महिने लागत, कधी वर्षही लोटे.

कोणते किरण निवडायचे, ते किती खोल न्यायचे आणि भोवतालच्या त्वचेला इजा कशी होऊ द्यायची नाही, या तीन प्रश्नांची उत्तरे फिन्सेन यांच्या उपकरणाने एकत्रितपणे दिली. पहिल्या पाच वर्षांत सुमारे आठशे रुग्णांवर उपचार करण्यात आले आणि त्यांतील बहुसंख्य रुग्णांना लक्षणीय फायदा झाला. मूळच्या डॅनिश राजकन्या असलेल्या अलेक्झांड्रा यांनी १९०० साली लंडनमधील एका मोठ्या रुग्णालयाला हा दिवा भेट दिला. त्यानंतर अनेक देशांत अशा संस्था सुरू झाल्या.

नोबेल आणि अखेरचे वर्ष

संस्थेची कीर्ती वाढत असताना तिच्या संस्थापकाची शक्ती क्षीण होत होती. अखेरच्या काही वर्षांत फिन्सेन यांना चाकांच्या खुर्चीचा आधार घ्यावा लागला. दिवसातील मोजकेच तास त्यांना काम करणे शक्य होई. आपल्या आजाराचाही त्यांनी संशोधकाच्या दृष्टीने अभ्यास केला. शरीरात पाणी साठण्यामागे मिठाचा संबंध असावा, असा निष्कर्ष त्यांनी स्वतःच्या खाण्यापिण्याच्या काटेकोर नोंदींवरून काढला आणि कमी मिठाचा आहार सुरू केला. या विषयावरील त्यांचा प्रबंध १९०४ साली प्रसिद्ध झाला.

१९०३ सालचे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना जाहीर झाले. हा सन्मान मिळविणारे ते पहिले डॅनिश नागरिक होत. आदल्या वर्षी हेच पारितोषिक भारतात हिवतापावर संशोधन करणारे रोनाल्ड रॉस यांना मिळाले होते. १९०३ साली पदार्थविज्ञानाचे पारितोषिक बेकेरेल आणि क्यूरी दांपत्याला किरणोत्सर्गावरील कार्यासाठी देण्यात आले. त्या वर्षीच्या दोन पारितोषिकांच्या मुळाशी किरणच होते. प्रकृतीच्या कारणामुळे फिन्सेन समारंभासाठी स्टॉकहोमला जाऊ शकले नाहीत. पारितोषिकाच्या रकमेतील मोठा वाटा त्यांनी रुग्णांसाठी चालणाऱ्या आपल्या संस्थेला दिला.

२४ सप्टेंबर १९०४ रोजी कोपनहेगन येथे त्यांचे निधन झाले. इतरांचे चेहरे बरे करणाऱ्या या वैद्याला स्वतःच्या रोगावर अखेरपर्यंत उपाय सापडला नाही. १९०९ साली शिल्पकार रुडॉल्फ टेग्नर यांनी घडविलेले त्यांचे स्मारक कोपनहेगनमध्ये उभारण्यात आले. त्यात फिन्सेन यांचा पुतळा नाही. गुडघे टेकलेल्या दोन स्त्रियांच्या मध्ये उभा असलेला एक पुरुष आकाशाकडे हात उंचावत आहे, असे ते शिल्प आहे. प्रकाशाकडे, असे त्याचे नाव आहे. टोर्सहाव्हनमधील एक मुख्य रस्ताही त्यांच्या नावाने ओळखला जातो.

फिन्सेन यांच्यानंतर

स्ट्रेप्टोमायसिन आणि त्यानंतरच्या क्षयरोगविरोधी औषधांनी विसाव्या शतकाच्या मध्यास फिन्सेन यांच्या दिव्याची गरज संपविली. भारतात ल्युपस व्हल्गारिसचे रुग्ण आजही आढळतात, पण त्यांच्यावर क्षयरोगाच्या नेहमीच्या गोळ्यांनीच उपचार होतात. दिवा बंद झाला तरी त्यामागील विचार टिकून राहिला. नवजात बालकांच्या काविळीवर निळ्या प्रकाशाचा उपयोग इंग्लंडमध्ये १९५८ साली प्रसिद्ध झाला आणि आता तो आपल्याकडील प्रसूतिगृहांतही परिचित आहे. सोरायसिस आणि कोड यांवर ३११ नॅनोमीटरच्या आसपासच्या अतिनील किरणांचे उपचार केले जातात. कोडासाठी बावचीचे बी आणि ऊन यांचा एकत्रित वापर करण्याची परंपरा तर भारतात फार जुनी आहे.

फिन्सेन यांच्या यशाचे नेमके कारण शंभर वर्षे चुकीचे सांगितले जात होते, असे २००५ साली डॅनिश संशोधकांनी दाखवून दिले. त्यांनी जुन्या उपकरणांची तपासणी केली. तपासलेल्या भिंगांतून ३४० नॅनोमीटरपेक्षा कमी तरंगलांबीचे किरण जवळजवळ पार होतच नव्हते. याचा अर्थ, जंतू थेट मारणाऱ्या तीव्र अतिनील किरणांना हे श्रेय देता येत नाही. क्षयरोगाच्या जंतूंमध्ये पॉर्फिरिन नावाची द्रव्ये असतात. जांभळा प्रकाश शोषून ती ऑक्सिजनचे अतिक्रियाशील रूप तयार करतात आणि त्यामुळे जंतू आतूनच नष्ट होतात, असे स्पष्टीकरण या संशोधकांनी मांडले. त्वचाविकारांसाठी आज वापरल्या जाणाऱ्या प्रकाशगतिक उपचाराचे तत्त्वही हेच आहे.

सुरकुत्यांवरील आजचे उपचार

पहिला लेसर १९६० साली अमेरिकेत तयार झाला. त्वचेतील एखादे विशिष्ट द्रव्यच प्रकाश शोषून घेईल अशी तरंगलांबी निवडायची आणि भोवतालच्या भागाला उष्णता पोहोचण्यापूर्वीच प्रकाश थांबवायचा, हे तत्त्व अँडरसन आणि पॅरिश या अमेरिकी संशोधकांनी १९८३ साली मांडले. फिन्सेन यांनी पाणी, क्वार्ट्झ आणि परिचारिकेचा हात यांच्या साहाय्याने जे साधले, तेच येथे क्षणाच्या सूक्ष्म भागात साधले जाते. तीव्र स्पंदित प्रकाश तपकिरी डागांतील मेलॅनिन आणि फुगलेल्या रक्तवाहिन्यांतील हिमोग्लोबिन यांना लक्ष्य करतो. २००४ साली मांडण्यात आलेल्या फ्रॅक्शनल पद्धतीत लेसरने त्वचेवर अतिसूक्ष्म बिंदू भाजले जातात. मधली निरोगी त्वचा ते झपाट्याने भरून काढते आणि नवीन कोलॅजेन तयार होते. एलईडीचा लाल प्रकाश सौम्य असतो, त्याचे परिणामही तुलनेने मर्यादित असतात.

भारतीयांच्या दृष्टीने येथे एक बाब महत्त्वाची ठरते. सावळ्या त्वचेत मेलॅनिन अधिक असते आणि ते प्रकाश शोषून घेते. तरंगलांबी किंवा तीव्रता चुकली तर डाग जाण्याऐवजी नवे काळे डाग उमटण्याचा धोका असतो. फिन्सेन यांच्या हातावरील शाईचा पट्टा सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी हेच सांगत होता, की रंग किरणांना अडवितो. त्यामुळे असे उपचार त्वचारोगतज्ज्ञांच्या देखरेखीखाली, त्वचेच्या एका लहान भागावर चाचणी घेऊन आणि डोळ्यांना संरक्षण देऊनच करून घेणे योग्य ठरते. चेहऱ्यावर अकाली वार्धक्य आणण्यात सूर्याच्या अतिनील किरणांचाच मोठा वाटा असतो, हेही विसरता येत नाही. त्वचा रापविण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या अतिनील दिव्यांचा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००९ साली कर्करोगकारक घटकांच्या सर्वोच्च गटात समावेश केला.

एकच प्रकाश त्वचेला जाळतो, म्हातारी करतो आणि बरीही करतो. यांतील कोणता परिणाम घडेल, हे किरणांची निवड, त्यांचे प्रमाण आणि ते वापरणारा हात यांवर ठरते. नाण्याएवढ्या जागेसाठी तासभर थांबण्याची तयारी असलेल्या एका आजारी वैद्याने हे काम मोजून मापून करण्याची शिस्त घालून दिली. सुरकुत्या घालविण्यासाठी प्रकाशाखाली बसणाऱ्यांना फिन्सेन यांचे नाव कदाचित ठाऊक नसेल. परंतु आपल्या त्वचेसाठी कोणता प्रकाश, किती आणि कशासाठी वापरला जात आहे, हे उपचारापूर्वी विचारणे, हीच त्यांच्या कार्याची योग्य आठवण ठरेल.